गंध, भय आणि शब्द : शस्त्रक्रियापूर्व गंधोपचाराच्या अभ्यासांची भाषिक चिकित्सा

शस्त्रक्रियेस सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णाच्या मनातील चिंता सुगंधाने कमी करता येते काय, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाच्या कक्षेतील आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात पडावे, हे कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु या विषयावरील संशोधनाचे स्वरूप थोडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. या संशोधनात रुग्णाला दिला जातो तो गंध. पण त्याच्याकडून परत घेतले जातात ते शब्द. त्याला काही वाक्ये वाचून दाखविली जातात, त्याने ‘थोडेसे’, ‘बरेच’, ‘फार’ यांपैकी एका शब्दावर बोट ठेवावयाचे असते, आणि त्या शब्दांचे आकडे करून त्यांची बेरीज होते. गंधाचा परिणाम झाला की नाही याचा निवाडा या बेरजेवर होतो. तेव्हा मापनाचे साधन भाषा असेल, तर त्या साधनाची परीक्षा करण्याचा अधिकार भाषाशास्त्रास आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्यच आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे.

प्रथम संज्ञेविषयी. ‘आरोमाथेरपी’ हा शब्द रने-मॉरिस गातफॉसे या फ्रेंच रसायनज्ञाने रूढ केला; याच नावाचा त्याचा ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचा हात भाजला होता आणि लव्हेंडरच्या तेलाचा त्याला गुण आला, ही कथा या विषयावरील बहुतेक लोकप्रिय पुस्तकांत सापडते. तीत लक्षात घेण्याजोगी बाब ही की, तेथे तेलाचा उपयोग जखमेवर झाला होता, मनावर नव्हे. वासाने मन शांत करणे हा अर्थ या संज्ञेला पुढे चिकटला. मराठीत या संज्ञेसाठी ‘सुगंधचिकित्सा’, ‘सुगंधोपचार’ आणि ‘गंधोपचार’ असे तीन पर्याय वापरात दिसतात. यांपैकी पहिल्या दोहोंतील ‘सु’ हा उपसर्ग निरुपद्रवी नाही. जो गंध रुग्णाला सुखद वाटतो की नाही हे अजून ठरावयाचे आहे, तो सुखदच आहे असा निकाल हा उपसर्ग आधीच देऊन टाकतो. म्हणून प्रस्तुत लेखात ‘गंधोपचार’ हाच तटस्थ शब्द स्वीकारला आहे.

या विषयावर मराठीत लिहिताना दुसरी एक प्रवृत्ती दिसते, तिचाही येथे विचार केला पाहिजे. ही पद्धती आपल्याकडे प्राचीन काळापासून होती असे सांगून सुश्रुतसंहितेतील धूपनाचा दाखला दिला जातो. दाखला खरा आहे. त्यावरून काढलेले अनुमान खरे नाही. सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात गुग्गुळ, अगरू, राळ, वेखंड, पांढरी मोहरी, मीठ, कडुनिंबाची पाने आणि तूप यांची धुरी सांगितली आहे. परंतु ती शस्त्रकर्म झाल्यानंतरची आहे, आणि तिचा हेतू वेदनाशमन व रक्षण हा आहे. कडुनिंब, वेखंड आणि मोहरी यांचा धूर ज्याने घेतला असेल, तो त्यास ‘सुगंध’ म्हणावयास धजणार नाही. शस्त्रकर्मापूर्वीच्या तयारीविषयी सुश्रुत सतराव्या अध्यायात जे सांगतो, ते अगदी वेगळे आहे : रुग्णास त्याला आवडणारे अन्न द्यावे, आणि मद्य घेणाऱ्यास तीव्र मद्य पाजावे. (आज शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवण्याचा नियम आहे, तो वेगळ्या व सबळ कारणांसाठी.) आणि मनाविषयी? त्यासाठी एकोणिसावा अध्याय पाहावा. व्रणिताजवळ गोड बोलणारे, अनुकूल असे मित्र असावेत, त्यांनी कथा सांगून त्याचे चित्त वेदनेपासून दूर न्यावे व त्यास वारंवार धीर द्यावा, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे मनाच्या शांतीसाठी सुश्रुताने जे औषध सांगितले, ते शब्द हे होय. गंधोपचाराचे समर्थन करण्यासाठी ज्या ग्रंथाचे नाव घेतले जाते, तो ग्रंथच या बाबतीत दुसऱ्या बाजूने साक्ष देतो.

आता आधुनिक पुराव्याकडे वळू. तो सर्वस्वी त्याज्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. व्हिएन्ना येथे लेरनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दंतवैद्याच्या प्रतीक्षागृहात संत्र्याचा गंध दरवळत ठेवून ७२ रुग्णांची पाहणी केली, ती २००० साली प्रसिद्ध झाली. तीत स्त्रियांची चिंता कमी आढळली, पुरुषांच्या बाबतीत तसा परिणाम दिसला नाही. २००९ साली ब्रेडन, रायको आणि हाल्म यांनी शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १५० प्रौढ रुग्णांवर लॅव्हेंडिन या लव्हेंडरच्या संकरित जातीच्या तेलाचा प्रयोग केला. शस्त्रक्रियागृहाकडे नेताना तेल मिळालेल्या गटाची चिंता कमी भरली. २०१० साली क्रिट्सिडिमा, न्यूटन व असिमाकोपुलू यांनी ३४० दंतरुग्णांच्या पाहणीत एक सूक्ष्म भेद नोंदविला : लव्हेंडरच्या गंधाने त्या क्षणीची चिंता उतरली, पण पुढील उपचारांच्या कल्पनेने वाटणारी चिंता होती तशीच राहिली. हा शेवटचा निष्कर्ष विशेष बोलका आहे. त्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

गंधोपचाराच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मात्र माणसांवरील नसून उंदरांवरील आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील हारादा व सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखविले की, लव्हेंडरमधील लिनालूल या द्रव्याच्या वासाने उंदरांचे भय कमी होते. ज्यांची घ्राणशक्ती नष्ट केली आहे अशा उंदरांत हा परिणाम होत नाही. आणि शामक औषधे मेंदूतील ज्या जागी कार्य करतात ती जागा दुसऱ्या द्रव्याने अडविली असताही तो नाहीसा होतो. उंदराला भाषा नाही. त्याला लव्हेंडर हे नाव ठाऊक नाही, आणि ‘याने बरे वाटेल’ असे त्याला कोणी सांगितलेले नसते. तेव्हा गंधाला शब्दनिरपेक्ष असे काही सामर्थ्य असणे शक्य आहे. माझा आक्षेप आहे तो यापुढील पायरीला. उंदराकडून माणसाकडे येताना मध्ये भाषा उभी असते, आणि तिचा हिशेब या अभ्यासांत क्वचितच मांडलेला असतो.

हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो : गंधाच्या नावात आणि भयाच्या नावात.

गंधाचे नाव बदलले की गंध बदलतो, ही अतिशयोक्ती नव्हे. रेचल हर्झ आणि फॉन क्लेफ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वास एकदा चीजचा म्हणून व एकदा वांतीचा म्हणून हुंगावयास दिला. नावाप्रमाणे लोकांची पसंती उलटली. हॉवर्ड आणि ह्यूज यांनी २००८ साली ९६ निरोगी तरुणींवर लव्हेंडरचा प्रयोग केला, आणि त्या गंधाकडून काय होईल याविषयी त्यांच्या मनात निरनिराळ्या अपेक्षा निर्माण केल्या. गंधाचा स्वतंत्र परिणाम आढळला नाही. शिथिलतेतील फरक अपेक्षेशी निगडित निघाला. औषधाच्या गोळीसारखी दिसणारी निष्क्रिय गोळी करता येते. पण वासासारखा वाटणारा आणि तरी वास नसलेला पदार्थ करता येत नाही. रुग्णाला वास येतोच, आणि आलेल्या वासाला तो मनात काहीतरी नाव देतोच.

मग मराठी रुग्ण कोणते नाव देईल? येथे आपल्या भाषेची ठेवण पाहिली पाहिजे. मलाया द्वीपकल्पातील जाहाई लोकांच्या भाषेत गंधाचे प्रकार सांगणारी सुमारे बारा क्रियापदे आहेत, आणि ते लोक रंगाचे नाव जितक्या सहज सांगतात तितक्याच सहज वासाचेही सांगतात, असे मजीद व बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली दाखविले. इंग्रजी भाषकांना ते साधले नाही. मराठी या बाबतीत इंग्रजीइतकी दरिद्री नाही. करपटाण, खवटाण, कुबटाण, आंबटाण अशी नामे घडविणारी सोय आपल्या भाषेत आहे. या ‘आण’मध्ये ‘घाण’ या शब्दाचाच अवशेष असावा असा तर्क करता येतो. ‘घाण’चे मूळ संस्कृत ‘घ्राण’. म्हणजे केवळ वास किंवा वास घेणे. तो तटस्थ शब्द मराठीत येईपर्यंत पार काळवंडला. ‘वास’ या शब्दाचीही तीच वाट चालू आहे : ‘खोलीत वास येतोय’ असे कोणी म्हटले तर आपण खिडकी उघडतो. सारांश, मराठीने दुर्गंधाचे भेद घरच्या शब्दांनी बारकाईने केले आहेत. सुगंधासाठी दरवळ, घमघमाट असे थोडे घरचे शब्द सोडले, तर तिने संस्कृतातून परिमळ व सौरभ आणले. नाहीतर ज्या वस्तूचा वास, तिचे नाव पुढे लावले : मोगऱ्याचा वास, वाळ्याचा वास, पहिल्या पावसाचा वास.

याचा परिणाम असा की, ज्या सुगंधाची वस्तू ठाऊक नाही, त्या सुगंधाला मराठी माणसापाशी नाव नाही. कोल्हापुरातील ‘थोरला दवाखाना’ म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. तेथे शाहूवाडी, चंदगडपासून निपाणी आणि सिंधुदुर्गापर्यंतचे लोक येतात. यांतील किती जणांनी लव्हेंडरचे झुडूप पाहिले असेल? तो वास त्यांना साबणाचा, पावडरीचा किंवा फरशी पुसण्याच्या औषधाचा वाटला तर त्यात नवल नाही. आणि दवाखान्यात फरशी पुसण्याच्या औषधाच्या वासाने कोणाचे भय उतरल्याचे ऐकिवात नाही. गंमत अशी की, लव्हेंडरमधील ज्या लिनालूलचा एवढा बोलबाला आहे, ते आपल्या धन्यांच्या तेलातही मुख्य घटक म्हणून असते. फक्त त्याच्या रेणूची रचना आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटी. पण धन्यांचा वास कोल्हापूरच्या माणसाला मसाला कांडण्याच्या दिवसांची आठवण देईल, निद्रेची नव्हे. गंध नाकातून येतो. त्याचा अर्थ घरातून येतो.

या परिसरात अर्थाने भरलेला गंध शोधावयाचा तर तो दवण्याचा. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गुलालाबरोबर दवणा वाहिला जातो, आणि परतणारा यात्रेकरू दवण्याची काडी फेट्यात खोवून किंवा प्रसाद म्हणून घरी आणतो. दवण्याचे तेल गंधद्रव्यांच्या व्यापारात सर्वत्र प्रसिद्ध आहे. पण जोतिबाच्या भक्ताला जो दिलासा मिळतो, तो केवळ त्या तेलाचा म्हणता येणार नाही. उलट बाजूही विसरता कामा नये. ज्या उदबत्तीचा वास एकास देवघराचा वाटतो, तोच दुसऱ्यास घरातील मृत्यूच्या दिवसाचा वाटू शकतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री असा वास न विचारता कोणाच्या उशाशी ठेवणे, हा उपचार नव्हे.

आता दुसरी चूक : भयाच्या नावाची. या क्षेत्रात वारंवार वापरली जाणारी प्रश्नावली स्पीलबर्गर व सहकाऱ्यांनी १९७० साली तयार केली. तिच्या तात्कालिक चिंतेच्या भागात वीस विधाने असतात, प्रत्येकास चार पायऱ्यांपैकी एक निवडावयाची असते, आणि बेरीज २० ते ८० यांमध्ये येते. अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना अनुवाद करून तो पुन्हा मूळ भाषेत उलटवून ताडून पाहण्याची रीत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी त्याच वर्षी मांडली. ही रीत उपयुक्त आहे, पण तिने कोशातील अर्थ जुळतो; बोलण्यातील अर्थ जुळेलच असे नाही.

इंग्रजी मूळ शब्दासाठी आपण ‘चिंता’ योजतो. परंतु बोलीत चिंता असते ती मुलीच्या लग्नाची, कर्जाची, उसाच्या बिलाची. ‘काळजी’ म्हणावे तर ती ‘घेतली’ही जाते व ‘वाटते’ही, काळीज आणि काळजी यांचे नाते मराठी माणसाला व्युत्पत्ती न शिकताच जाणवते, पण डॉक्टरांच्या तोंडी ‘काळजी घ्या’ हा निरोपाचा शब्द झाला आहे. ‘भीती’ म्हणावे तर ती कबूल करणे कमीपणाचे. तालमीत अंग कमावलेला गडी ‘मी घाबरलो’ असे परिचारिकेसमोर म्हणणार नाही. तोच गडी ‘घाबरं होतंय’ असे मात्र सहज म्हणेल, कारण त्या प्रयोगात कर्ता तो नाही. त्याच्या देहात काहीतरी होत आहे एवढेच त्यात आहे. म्हणजे एकाच धातूच्या दोन रूपांपैकी एक लाजेचे आणि दुसरे लक्षणाचे. प्रश्नावलीत पहिले रूप छापले तर शून्य उत्तर येईल. दुसरे छापले तर हृदयविकाराचा रुग्णही त्यावर बोट ठेवील. खरे भय मराठीत राहते ते धाकधूक, धास्ती, घालमेल, हुरहूर, पोटात गोळा येणे, जीव टांगणीला लागणे अशा प्रयोगांत, आणि यांची जागा छापील तक्त्यात सहसा नसते.

पायऱ्यांचे शब्दही तपासले पाहिजेत. ‘बऱ्यापैकी’ हा शब्द मधल्या पायरीसाठी सोयीचा वाटतो. पण त्यात ‘बरे’ आहे, आणि ‘बऱ्यापैकी भीती वाटते’ हे वाक्य खेडुताच्या कानास विचित्र लागते. ‘बरे’ हा शब्द तर दवाखान्यात सर्वांत फसवा. ‘बरं आहे’ म्हणजे प्रकृती ठीक आहे, ‘बरं आहे’ म्हणजे तुम्ही म्हणता ते मान्य आहे, आणि ‘बरं आहे’ म्हणजे आता संभाषण पुरे. उत्तर लिहून घेणाऱ्यास यांपैकी कोणता अर्थ मिळाला, हे आकड्यावरून कधीच कळत नाही.

येथे एक घरगुती अनुभव सांगण्याची अनुज्ञा वाचकांनी द्यावी. त्यावरून काही सिद्ध होते असा दावा नाही. प्रश्नाचे रूप मात्र त्याने स्पष्ट होते. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया व्हावयाची होती. आदल्या संध्याकाळी परिचारिकेने आपुलकीने विचारले, “मावशी, भीती वाटते का?” मावशी म्हणाली, “म्या कशाला भिऊ? बरं हाय की. जोतिबा हाय.” परिचारिकेने तसे लिहिले असावे. ती गेल्यावर मावशीने माझा हात धरला व हळूच म्हणाली, “पोटात नुसता गोळा आलाय बघ. भूल दिल्यावर परत जाग येती न्हवं?” तिच्या उशाखाली शेजारणीने आणून दिलेली दवण्याची वाळकी काडी होती. परिचारिकेने ती पाहिली होती, पण काढली नाही, याबद्दल मी आजही तिचा ऋणी आहे. तरी त्या काडीने मावशीच्या प्रश्नाचे उत्तर दिले नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी भूलतज्ज्ञाने दिले, दोन मिनिटे खाटेवर बसून.

मावशीचा प्रश्न ‘भूल’ या शब्दातून निघाला होता, हे भाषेच्या अभ्यासकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ‘भूल’ म्हणजे विसर, चूक, मोहिनी. भूल पडलेला माणूस वाट चुकतो आणि कधी परतत नाही. हाच शब्द आपण बधिरीकरणासाठी योजिला. शब्द सोपा आहे, रुळलेला आहे, तो बदलावा असे मी म्हणणार नाही. पण तो उच्चारताना त्याच्या पाठीशी कोणती सावली आहे हे उच्चारणाऱ्यास ठाऊक असावे.

१९९६ साली मोअरमन व सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम येथे शस्त्रक्रियापूर्व चिंतेची एक लहान प्रश्नावली तयार केली. तीत सहाच विधाने आहेत : चार चिंतेची आणि दोन माहितीच्या गरजेची. चिंता मोजताना ‘आणखी काही जाणून घ्यावयाचे आहे काय’ हेही विचारले पाहिजे, ही तिची मोठी सूज्ञता. गंध पहिल्या चार विधानांवर कदाचित काही परिणाम करील. उरलेल्या दोहोंपुढे तो मुका आहे. ३४० दंतरुग्णांच्या ज्या पाहणीचा वर उल्लेख केला, तिचा निष्कर्ष आता अधिक स्पष्ट होतो. त्या क्षणीची धडधड वासाने उतरते. पुढे काय होईल याची धास्ती उतरत नाही, कारण ती धास्ती म्हणजे एक न विचारलेला प्रश्न असतो.

तेव्हा निष्कर्ष काय? गंधोपचार थोडक्या खर्चाचा आहे, आणि दमा, मळमळ किंवा एखाद्या वासाचे वावडे असलेल्यांना वगळले तर त्यात धोकाही थोडा. त्याचा अभ्यास आपल्या भागात अवश्य व्हावा. पण तो तीन अटींवर. पहिली, गंध निवडण्यापूर्वी रुग्णाला तो हुंगावयास देऊन ‘हा कशाचा वास?’ असे विचारावे व त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवावे. दुसरी, भयाची प्रश्नावली इंग्रजीवरून उतरविण्यापूर्वी येथील रुग्णांच्या तोंडचे भयाचे प्रयोग गोळा करावेत. कोल्हापुरी, मालवणी आणि सीमेवरील कानडीमिश्रित बोली यांचे प्रयोग निरनिराळे निघतील, आणि हे काम भाषाविभाग व वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून करण्याजोगे आहे. तिसरी, ज्या गटाला गंध दिला त्याची तुलना केवळ गंध न दिलेल्या गटाशी करू नये. ज्या गटाजवळ कोणी दोन मिनिटे बसून बोलले, त्याच्याशीही करावी. ही तिसरी तुलना टाळून गंधाला यश दिले, तर सुश्रुताने सांगितलेले औषध न वापरताच आपण ते निरुपयोगी ठरविल्यासारखे होईल.

अशी तुलना झाली आणि तीत गंध वरचढ ठरला, तर प्रस्तुत लेखक आपले म्हणणे आनंदाने मागे घेईल. तोपर्यंत एवढेच म्हणावयाचे की, कुपी उघडण्यापूर्वी रुग्णास बोलू द्यावे, आणि तो ‘बरं आहे’ म्हणाला तर आणखी एकदा विचारावे.